तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

जपानची तिकिटं काढली. ३० मार्चला टोकियोत उतरायचं आणि १३ एप्रिलला ओसाकाहून परत निघायचं. फोनवर सांगितलं असतं तर आई "बघू गं, पुढच्या वर्षी" म्हणाली असती, बाबांनी खर्चाचा विषय काढला असता आणि माझ्याच्यानं पुढं बोलवलं नसतं. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आई मधेच उठून गॅसकडे जाईल, तिला जाऊ देऊ नका.

पैशांचं आधी सांगते, म्हणजे पुढचं स्वस्थपणे ऐकाल. हे पैसे याच कामासाठी बाजूला ठेवलेले होते. घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही, कुणाकडून घेतलेले नाहीत. व्हिसा यायच्या आधी तिकिटं कशी काढली, हेही बाबा विचारतील. तारीख बदलता येईल अशीच काढली आहेत. त्या जूनमधल्या आजारपणानंतर बाबा घरी आले, त्याच आठवड्यात मी मनाशी ठरवलं होतं की आता काही पुढं ढकलायचं नाही. इतकी वर्षं मी लांब राहिले. सणावाराला दोन दिवस येते आणि त्यातला एक दिवस तुम्ही माझी बॅग भरण्यात घालवता. मला तुमच्याबरोबर सलग पंधरा दिवस हवे आहेत, ज्यात तुम्हाला कुणाचं काही करावं लागणार नाही. हे मी तुमच्यासाठी करते आहे असं समजू नका. मी माझ्यासाठी मागते आहे.

बाबा, कॅलेंडरच्या मागं तुम्ही लिहिलेली यादी माझ्यासमोर आहे. टोकियो, निक्को, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका. कागदावर ही नऊ ठिकाणं चौदा दिवसांत बसतात, टूरवाले बसवूनही दाखवतात. पण शहर बदललं की अर्धा दिवस त्यातच जातो. सकाळी सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, आणि नव्या शहरात पोचलात तरी तिथली बहुतेक हॉटेलं दुपारी तीनच्या आत खोली देत नाहीत. तोवर आईनं कुठं पाठ टेकायची? म्हणून मी मुक्काम चारच ठेवले: टोकियोत पाच रात्री, क्योटोत सहा, हिरोशिमात दोन आणि निघायच्या आदली एक रात्र ओसाकात. नारा क्योटोहून ट्रेननं तासाभराच्या आत येतं, तिथं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बाकीच्या चार नावांवर काट मारताना मला वाईट वाटलं, कारण तुम्ही ती किती हौसेनं लिहिली आहेत ते अक्षरावरून दिसतं. पण ताकायामा डोंगरात आहे, तिथं साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, एप्रिलच्या मध्याला फुलतो, आपण असू तेव्हा नुसती थंडी भेटली असती. हाकोनेला चढउतार फार. निक्को आणि कानाझावा सुंदर आहेत, पण त्यांच्यासाठी क्योटोच्या रात्री कमी करायला माझं मन झालं नाही.

तारखा मात्र पुष्कळ विचार करून धरल्या आहेत. तिथल्या हवामान खात्याच्या १९९१ ते २०२० या काळाच्या सरासरीनं टोकियोत पहिली फुलं २४ मार्चच्या सुमारास उमलतात आणि पूर्ण बहर ३१ मार्चच्या आसपास येतो. क्योटोचा पूर्ण बहर ४ एप्रिलच्या आसपास. म्हणजे आपण टोकियोचा बहर बघून निघायचं ते क्योटोच्या बहरात उतरायचं. बहर टिकतो जेमतेम आठवडा, त्यात पाऊस-वारा झाला तर तेवढाही नाही, आणि अलीकडे फुलं बरेचदा सरासरीच्या आधीच येतात. त्यामुळं फुलं चुकली तर, ही काळजी मलाही होतीच. टोकियोत शिंजुकु ग्योएन नावाची बाग आहे. तिथं लवकर फुलणाऱ्या, उशिरा फुलणाऱ्या अशा कितीतरी जाती आहेत, एक झडली तरी दुसरी सापडते. आत दारू न्यायला बंदी आहे, त्यामुळं झाडांखाली बसायला शांतता असते. तिकीट ५०० येन, पासष्टच्या वर निम्मं. आणि क्योटोत निन्नाजी देऊळ आहे, तिथला ओमुरो साकुरा सगळ्यांत शेवटी फुलतो. ही झाडं मुळी वाढतातच दोन-तीन मीटर, त्यामुळं फुलं डोक्यावर नसतात, तोंडासमोर येतात. आई, तुला मान वर करून बघवत नाही ना, इथं करावी लागणार नाही. हे वाचलं तेव्हाच मी निन्नाजीला ९ एप्रिल ही तारीख दिली. तोवर फुलली नसतील तर देऊळ तरी बघूच, इसवी सन ८८८ सालचं आहे.

२९ एप्रिलपासून त्यांचा गोल्डन वीक सुरू होतो, सगळा देश एकदम फिरायला निघतो. आपण त्याच्या कितीतरी आधी परत आलेलो असू.

आता ट्रेन. बाबा, तुम्ही ज्या गाडीचा फोटो पंचांगात खूण म्हणून घालून ठेवला होता, तीच, शिंकान्सेन बुलेट ट्रेन. १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, हे तुम्हीच मला पाठ करून घेतलं होतं. टोकियो ते क्योटो सव्वादोन तास. एका बाजूला तीन सीटची रांग असते आणि दुसऱ्या बाजूला दोनची. तुम्हा दोघांना त्या दोनच्या बाजूची डी आणि ई सीट बघते आहे. क्योटोला जाताना फुजी पर्वत उजव्या हाताला येतो, टोकियो सुटल्यावर पाऊणेक तासानं, आणि ई ही खिडकीची सीट त्याच बाजूला असते. ढग असले तर दिसणार नाही, तेव्हा आधीच मन घट्ट करा. सकाळची गाडी घेते, सकाळी दिसायची शक्यता जास्त. खिडकीशी कोण बसणार ते तुम्ही आपसांत ठरवा. मला माहीत आहे, बाबा आईला बसवतील आणि आई निम्म्या वाटेत उठून बाबांना बसवेल.

तुमच्या मित्रांनी सांगितलेला रेल्वे पास घेत नाही आहे. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. आपले टोकियो-क्योटो, क्योटो-हिरोशिमा आणि हिरोशिमा-ओसाका हे तिन्ही प्रवास सुटी तिकिटं काढून माणशी चाळीस हजार येनांच्या आत होतात. ओसाकाहूनच विमान पकडायचं तेही म्हणूनच, पुन्हा टोकियोपर्यंत उलटं जायला नको.

सामान कुणी उचलायचं नाही. क्योटोला गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात बॅगा उतरवायच्या या विचारानंच बाबा रात्रभर जागे राहतील. तिथं एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बॅगा पोचवणारी कुरियर सेवा सर्रास वापरतात. आदल्या दिवशी खाली काउंटरवर द्यायची, बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात आलेली असते. तुमच्या हातात फक्त औषधांची पिशवी आणि एक जोड कपडे.

आता एक गोष्ट सांगते, त्यावर लगेच नाही म्हणू नका. विमानतळांवर व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, दोघांच्याही नावानं. बाबा, तुम्ही चालू शकता हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी टेकडीपर्यंत जाता, डॉक्टरही खूश आहेत. पण विमानतळावर कधी कधी कितीतरी अंतर चालावं लागतं आणि इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं, तेही रात्रभर न झोपता. ती शक्ती तिथं कशाला घालवायची? ती मला शिंजुकुच्या बागेसाठी हवी आहे. आणि तुम्ही बसलात तर आई बसेल. तुम्ही नाही म्हणालात तर तीही गुडघे धरून तुमच्या मागून चालत राहील आणि तोंडानं काही बोलणार नाही. तिच्यासाठी म्हणून बसा, एवढंच मागते.

राहण्याचं काही काळजीचं नाही. पारंपरिक पद्धतीच्या सरायांमध्ये जमिनीवर गादी घालून झोपायचं असतं, त्या मी घेतल्याच नाहीत. सगळीकडे पलंग आहेत, सगळीकडे लिफ्ट आहे, हॉटेलं स्टेशनपासून चार पावलांवर. संडास सगळीकडे कमोडचे आणि बैठक चक्क गरम असते, पाण्याची सोयही त्यातच. खोलीत पाणी तापवायची किटली आहे, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात दूध मिळतं, तेव्हा आईचा सकाळचा चहा ठरल्या वेळी होईल. चहाची पूड घ्या. कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, कुठलंही ताजं फळ घेऊ नका, तिथं आत नेऊ देत नाहीत.

जेवणाचा प्रश्न खरा आहे, तो लपवत नाही. भाजीचं म्हणून दिलेल्या सुपातही बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. म्हणून रोजचं एक जेवण कुठं घ्यायचं ते आधी हेरून ठेवते आहे. क्योटोत बौद्ध मठांच्या पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं, शोजिन र्‍योरी, त्यात मासा-मांस काहीच नसतं. नान्झेनजी देवळाच्या आसपास गरम पाण्यातलं टोफू ही खासियत आहे, पण सोबतच्या पातळ सॉसबद्दल मी आधी विचारून घेईन. मी विचारल्याशिवाय कुणी काही तोंडात घालायचं नाही.

बाबा, हिरोशिमा. पहिल्या आराखड्यात मी ते एका दिवसात उरकलं होतं आणि मग मला तुमचा सातवीचा वर्ग आठवला. तुम्ही हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमुळं आजारी पडलेल्या सदाको सासाकीची गोष्ट सांगायचात आणि गणिताच्या वहीचा कागद चौकोनी फाडून कागदी पक्षी करून दाखवायचात. मी दाराशी उभी राहून बघायचे. शेवटची घडी घालताना तुम्ही चोच नखानं दाबायचात. १९५५ मध्ये ती गेली, बारा वर्षांची होती, हे सांगताना तुमचा आवाज दरवेळी बसायचा आणि तुम्ही खडू शोधायचं नाटक करायचात. तिचं आणि बॉम्बनं गेलेल्या इतर मुलांचं स्मारक तिथल्या शांतता उद्यानात आहे, देशोदेशीची मुलं अजून कागदी पक्षी पाठवतात. म्हणून दोन रात्री. संग्रहालय सकाळी बघायचं आणि नंतर त्या दिवशी काहीच ठेवायचं नाही. तुम्हाला नदीकाठी बसावंसं वाटेल, बसू. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांची बोट घेऊन मियाजिमा बेटावर, समुद्रात उभी असलेली ती लाल कमान बघायला. पक्षी करून घेऊन चला. मला अजून ती शेवटची घडी जमत नाही, विमानात शिकवा.

आई, तू कुठं काय बघायचं आहे ते एकदाही बोलली नाहीस. "तुम्ही म्हणाल तिथं," एवढंच. तू आम्हाला घेऊन जायचीस तेव्हा खिडकी नेहमी माझी, पाण्याची बाटली आधी माझी, आणि मला झोप लागली की तुझी मांडी बधिर व्हायची तरी हलायची नाहीस. म्हणून मी तुझ्यासाठी माझ्या मनानं ठरवलं. क्योटोत पाण्याच्या एका पाटाच्या कडेनं दोनेक किलोमीटरचा रस्ता आहे, तत्त्ववेत्त्याची वाट म्हणतात, दोन्हीकडे साकुरा. जवळजवळ सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. दहानंतर गर्दी होते, म्हणून सातला जायचं. तिथं मी येणार नाही. तुम्ही दोघंच जा, सावकाश, बसत-बसत. दुसऱ्या टोकाला टॅक्सी घेऊन मी थांबलेली असेन. दोघांनी असं कुठं गेल्याचं मला तरी आठवत नाही.

क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळात खालच्या लाल कमानींतून थोडं आत जायचं आणि परत फिरायचं. वर डोंगरमाथ्यापर्यंत जायचं नाही. बाबा, वाद नाही.

आता ऐका आणि आजच कामाला लागा.

डॉक्टरांकडे या महिन्यातच जा, दोघंही. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह, इंग्रजीत, सहीशिक्क्यासह हवी. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिन्याभराची नेता येतात, त्यापेक्षा जास्त नेली तर आधी परवानगी लागते, तेव्हा जास्तीच्या पट्ट्या भरू नका. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्यात, डबीत काढायच्या नाहीत. घरातल्या सर्दीच्या गोळ्या मला न विचारता पिशवीत टाकू नका, त्यातल्या काहींमधलं औषध तिथं बंद आहे. आई, फेब्रुवारी ते एप्रिल तिथं सुगी नावाच्या झाडाचे परागकण हवेत असतात, निम्मं शहर मास्क लावून फिरतं. तुझ्या दम्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांग, "बरं आहे" म्हणून उठून येऊ नकोस. पंप जास्तीचा घे. तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढं आहे, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या तेही लिहून घ्या.

बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून फिरा, नवे कोरे बूट घालून विमानात बसायचं नाही. सहज काढता-घालता येतील असे हवेत, देवळांत पुष्कळदा काढावे लागतात. एक स्वेटर, एक पातळ जाकीट. सकाळ-संध्याकाळ गारठा असतो. शाल आई घेईलच.

आणि व्हिसा. अर्जासोबत कुठल्या तारखेला कुठं राहणार याचा रोजचा तक्ता द्यावा लागतो, तो मी केला आहे, सोबत जोडते. बाबा, लाल पेनानं तपासा. बदल सुचवा, पण शहर वाढवायचं नाही. पासपोर्टवरची आणि अर्जावरची सही सारखी यायला हवी, आई, तू हल्ली आडनाव आखडतं लिहितेस, तसं करू नकोस. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे नवे फोटो शनिवारपर्यंत काढून घ्या, लग्नातले कापून पाठवू नका. रविवारी सकाळी नऊला फोन करते, तेव्हा दोन्ही पासपोर्ट हातात घेऊन बसा.

तुमची,
मनू