रविवारची बैठक: अधिसूचना वाचून या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता शंकरनगरच्या नेहमीच्या सभागृहात भेटू. ऊन तापायच्या आत आटपू.

विषय एकच, औष्णिक केंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड. २०१५ च्या नियमांची मुदत वारंवार वाढली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं तर बहुतेक केंद्रांना एफजीडी यंत्रणेतून (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी) सूटच मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्यांना मात्र नाही, त्यांना डिसेंबर २०२७ ची मुदत. कोराडी-खापरखेड्याची केंद्रं आपल्या नागपूरच्या उशाशी, त्यामुळे अंतर कुठून मोजायचं यावरच खरी चर्चा.

- अधिसूचना वाचून या. मागे निम्मे जण तर्री-पोह्यासाठीच आले होते!
- वीज प्रकल्पांचं सल्लागारीचं काम असणाऱ्यांनी तसं आधी सांगावं. मत जरूर मांडा, निवेदनावर सही नको.
- येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवा.