गुरुदासपूर: तात्पुरती यादी आणि अंतिम निवाडा

संपादक महोदय,

ऑगस्ट आला की फाळणीवरचे लेख येतात आणि त्यांत पंजाबातला गुरुदासपूर जिल्हा हमखास असतो. ‘मुस्लिमबहुल जिल्हा ऐनवेळी भारताला दिला’ हे वाक्य कुणी कटाचा पुरावा म्हणून वापरतो, कुणी डावपेचाचे यश म्हणून. हा जिल्हा आधी पाकिस्तानला दिलेला होता, असे दोघेही गृहीत धरतात. तसे नव्हते.

१८ जुलै १९४७ रोजी मंजूर झालेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या जोडपत्रांत पूर्व बंगाल आणि पश्चिम पंजाब या पाकिस्तानच्या वाट्याच्या प्रांतांतील जिल्ह्यांची तात्पुरती यादी होती. १९४१च्या जनगणनेत मुस्लिम बहुसंख्य असलेला अख्खा जिल्हा, एवढाच तिचा निकष. गुरुदासपुरात हे प्रमाण ५१ टक्क्यांच्या जरासे वर होते. अंतिम सीमा आयोगाच्या निवाड्याने ठरेल, हेही त्याच कायद्यात होते. आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांनी जिल्हा फोडून तहसीलवार विभागणी केली. रावीपलीकडची शकरगढ पाकिस्तानला गेली. पठाणकोटमध्ये मुस्लिम अल्पसंख्य होते, पण बटाला आणि गुरुदासपूर तहसिलींत बहुसंख्य असूनही त्या भारतात आल्या. इथे आक्षेपाला जागा आहे आणि ती आपण मान्य केली पाहिजे. आयोगाला सलग बहुसंख्येबरोबर ‘इतर बाबी’ही पाहायला सांगितले होते, त्या कोणत्या, हे कुठेच लिहिले नव्हते. सतलजच्या पूर्वेकडचा मुस्लिमबहुल पट्टा भारताला देताना रेल्वे आणि पाण्याची व्यवस्था तुटेल, हे कारण रॅडक्लिफ यांनी नोंदवले. अप्पर बारी दोआब कालवा मात्र अखंड ठेवता आला नाही, अशी कबुलीही दिली. कालव्याचे हेड (सुरुवात) पठाणकोट तहसिलीतल्या माधोपूरला, म्हणजे भारतात, तर टेल (शेवट) लाहोर जिल्ह्यात, म्हणजे पाकिस्तानात. १ एप्रिल १९४८ रोजी भारतातल्या पूर्व पंजाबने ते पाणी बंद केले. टेलला शेती असणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आणखी घोळ झाला तो उशिराने. निवाडा १२ ऑगस्टला तयार होता, जाहीर झाला १७ला. तोवर लोकांनी तात्पुरती यादीच खरी मानली. बंगालमधल्या मुर्शिदाबाद आणि मालद्यात पाकिस्तानचा झेंडा लागला, खुलन्यात भारताचा. मग सारे उलटे झाले. खुलन्यात हिंदूंचे किंचित आधिक्य होते, तरी तो पाकिस्तानला गेला. चितगावच्या डोंगराळ प्रदेशात तर मुस्लिम नगण्य होते, तरी तोही पाकिस्तानलाच गेला. एकट्या गुरुदासपुरावरून निवाड्याचा कल ठरवणाऱ्यांनी ही नावेही घ्यावीत.

म्हणून विनंती: या विषयावरील लेखात टक्केवारी छापताना ती जिल्ह्याची की तहसिलीची, हे लिहावे. नकाशात तात्पुरती आणि अंतिम अशा दोन्ही सीमा दाखवाव्यात. पंजाबात सीमा म्हणजे तहसिलीची हद्द, रावी किंवा उझ नदीचा प्रत्यक्ष प्रवाह नव्हे, असे निवाड्यात स्पष्ट आहे. तेव्हा १९४७ची रेषा आजच्या रावीच्या पात्रावरून ओढू नये.

आपला,
एक वाचक, नाशिक