कॅलेंडरवर आकडा लिहिणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

वहिनी बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. आशाताईंकडून निरोप तुमच्यापर्यंत पोचला असेलच, पण निरोपात आभार मावत नाहीत म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. ते उघडच लिहिते आहे, कारण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या वाड्यांत काय घडत आलंय आणि काय घडू शकतं, हे चार लोकांनी वाचावं असं मनापासून वाटतं. तुमचं आणि गरोदर बायकांच्या रक्ताची पाहणी करणाऱ्या तुमच्या संस्थेचं नाव घालत नाही. विचारलं असतं तरी तुम्ही नकोच म्हणाला असता.

वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाची आठवण झाली की अजून पोटात गोळा येतो. ऐन पावसाळा. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. ओढ्याला पाणी आलेलं, वाडीपर्यंत गाडी येत नाही, चौघांनी तिला घोंगड्याच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. मुलगा झाला, आणि मग रक्त थांबेना. त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा भाऊ भिंतीला डोकं टेकून उभा होता. आतून डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले, "अंगात एवढं रक्त कमी होतं, आधी का नाही आणलंत?"

आधी का नाही आणलं! अहो, नऊ महिने ती तपासणीला जात होती. उन्हातून, पावसातून, पोट घेऊन चालत. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड, भरलेलं होतं. रक्ताचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, आकडाही त्यावर होता. पण वहिनी चंदगडकडची, शिकली मराठी शाळेत, कार्ड सगळं कन्नडमध्ये. त्या आकड्यावर बोट ठेवून "हे कमी आहे, हे धोक्याचं आहे" असं नऊ महिन्यांत तिला कुणी म्हणालं नाही. एका खाजगी दवाखान्यात तर चक्कर येते म्हणून नेलं तेव्हा "बायकांना असतोच अशक्तपणा" म्हणून टॉनिकच्या बाटल्या हातात दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं नाही, आणि ओरडून घ्यायची पाळी माझ्या भावावर आली. वहिनी वाचली, मुलगा वाचला. ही गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही.

म्हणून वहिनीच्या दुसऱ्या खेपेला तुम्ही वाडीत आलात तेव्हा आमच्या घरी तुमचं स्वागत काही चांगलं झालं नाही. लोक येतात, संडास आहे का विचारतात, माणसं मोजतात, बोट टोचतात, फोटो काढतात आणि जातात. नेलेल्या माहितीचं काय झालं हे सांगायला कुणी परत आलेलं आमच्या आईने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती तुमच्या तोंडावर म्हणाली, "आणि एक रक्त न्यायला आली." तुम्ही हसलाही नाहीत आणि रागावलाही नाहीत. "खरं आहे, मावशी," एवढंच म्हणालात. तुम्ही बैलहोंगलकडच्या, कन्नड घरातल्या. तुमचं मराठी अडखळत होतं, पण प्रत्येक गोष्ट तुम्ही मराठीतूनच सांगितलीत.

मग तुम्ही वहिनीला विचारलंत. आईला नाही, भावालाही नाही. या पाहणीत यायचं की नाही ते तू ठरव, नको म्हणालीस तरी दवाखान्यात तुला मिळणारी सेवा तीच राहील, मध्येच सोडावंसं वाटलं तरी सोड. आमच्या घरात सुनेला असं काही विचारायची पद्धत नाही. वहिनी गप्प. आई मध्ये बोलायला गेली तर तुम्ही हाताने हळूच थांबवलंत आणि वाट बघत बसलात. बराच वेळ. शेवटी वहिनीच म्हणाली, "माझं रक्त किती आहे ते मला सांगणार असाल तर येते."

ताई, हे पत्र खरं म्हणजे त्यापुढच्या पाच मिनिटांसाठी आहे.

तुम्ही बोटाला टोचलंत, थेंब त्या छोट्या यंत्रात घातलात, आकडा आला, तो तुमच्या कागदावर उतरवलात. इथपर्यंत सगळेच करतात. तुम्ही मात्र उठून चुलीजवळच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेलात आणि त्या दिवसाच्या चौकटीत पेनाने ठळक लिहिलंत, ७.८. कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात ११ लिहून त्याभोवती गोल काढलात. "गरोदर बाईचं रक्त निदान एवढं पाहिजे. सातच्या खाली गेलं तर जिवाशी गाठ. हिचं इथं आहे." आणि पेन वहिनीच्या हातात दिलंत. पुढच्या वेळचा आकडा तू लिहायचा, म्हणालात.

आमच्या आईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. दुधाचा हिशेब तिच्याकडेच असतो. डेअरीत रोज सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट लावतात, चिठ्ठीवर लिहून देतात आणि फॅट घसरली की दर घसरतो. ती कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "म्हशीच्या दुधाची फॅट सांज-सकाळ कळतीया, आन् सुनंच्या रक्ताचा आकडा आजवर कुणी सांगितला न्हाई."

त्या दिवसापासून घर बदललं असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण मी माहेरी येऊन-जाऊन असते, डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खाणारी वहिनी आईच्या शेजारी पाटावर बसायला लागली. जेवल्या जेवल्या चहा प्यायची आमच्या घरची रीत आईने तिच्यापुरती मोडली, कारण चहामुळे गोळीतलं लोह अंगी लागत नाही हे तुम्ही सांगितलंत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नाही, शौचाला काळी झाली तर घाबरायचं नाही, मळमळलं तर गोळी फेकून न देता आम्हाला कळवायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. पहिल्या खेपेला गोळ्या फळीवर तशाच पडून होत्या, कारण पोटात ढवळायचं आणि का ढवळतं ते सांगायला कुणी नव्हतं. यंदा गोळ्यांनी आकडा पुरेसा चढेना तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात लोहाचं सलाईन लावायची सोय तुम्ही करून दिलीत. त्यासाठी किती फोन केलेत ते आशाताईंनी सांगितलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. शेवटचा आकडा वहिनीने स्वतःच्या हाताने लिहिला, १०.९. आई म्हणाली, अकराच म्हणायचं.

देवळात बायकांची बैठक घेतलीत तीही लक्षात आहे. आधी तुम्ही काही सांगितलंच नाहीत, विचारलंत. तपासणीला का येता येत नाही? आणि बायका जे बोलल्या ते माझ्या माहेरच्या बायका आहेत यावर माझा विश्वास बसेना. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, चांगलंच झालं. पण बस येते ती डांबरी रस्त्यावर, आणि तिथपर्यंतची वाट जंगलातून. तपासणीची वेळ सकाळची, त्याच वेळेला दूध घालायचं असतं. सोबत यायला पुरुषमाणूस लागतं आणि त्याची मजुरी बुडते. हे सगळं तुम्ही लिहून घेतलंत आणि पुढच्या खेपेला तपासणीच दुपारच्या वेळी वाडीत आली. "अडाणी लोक, यांना आरोग्याचं महत्त्व नाही" असं आमच्याबद्दल म्हणणाऱ्यांपैकी एकानेही दूध घालायची वेळ कधी विचारली नव्हती.

त्याच बैठकीत तुम्ही सांगितलंत की २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं. आई तोवर वहिनीच्या माहेरच्यांना बोल लावायची, "अशीच अशक्त दिली." त्यानंतर ते बंद झालं.

आणि आपल्याच जिल्ह्यातली ती जुनी गोष्ट. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या खेड्यांतल्या १,६२० बायकांनी एका अभ्यासात भाग घेतला होता. बाळंतपणानंतरचं रक्त जाणं रोखायला मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का, हे बघायचं होतं. सुई नको, फ्रीज नको, नर्सबाई खेड्यातच तोंडाने देऊ शकते अशी गोळी. निम्म्या बायकांना औषध मिळालं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. मी बेळगावात राहते, शिकलेली आहे, आणि मला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. जगातल्या कुठल्या कुठल्या खेड्यांतल्या बाया वाचल्या असतील, त्यामागे आपल्याकडच्या शेतात राबणाऱ्या बायका आहेत. त्यातल्या कितीजणींना हे कुणी सांगितलं असेल? त्या रात्री व्हरांड्यात उभं राहिल्यामुळे असेल, पण मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. औषध नसलेली गोळी ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या तर आधी.

आपल्या भागात १९५६ पासून सीमेचा प्रश्न आहे. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असतील तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळायला हवेत, ही आमची मागणी न्याय्य आहे आणि मी ती सोडणार नाही. वहिनीचं कार्ड मराठीत असतं तर पहिल्या खेपेची ती रात्र कदाचित टळली असती. पण हेही लिहायला हवं की नियम दाखवून जे कधी मिळालं नाही, ते एका कन्नड घरातल्या बाईने कुणी न सांगता दिलं. आमच्याकडे अशी माणसं आहेत. डांबरी रस्त्यावर वहिनीला बघून बस उभी करणारा आणि ती चढून बसेपर्यंत कुणाला ओरडू न देणारा कंडक्टर आहे. स्वतःचं पोर तापाने फणफणत असताना दुसऱ्याच्या सुनेसोबत दवाखान्यात रात्र काढणाऱ्या आशाताई आहेत. त्यांना मिळतं किती आणि त्या करतात किती, हा हिशेब सरकारने एकदा डोळे उघडे ठेवून करावा. समोरच्या माणसाला माणूस समजणं याला पैसा लागत नाही, पद लागत नाही. मग मोठ्या टेबलामागे बसलेल्यांना ते इतकं जड का जातं, हे मला खरंच कळत नाही.

तुमच्या वरिष्ठांना एक मागणं आहे, त्यांना हे पत्र जरूर दाखवा. पुढच्या पाहणीचा खर्च मांडाल तेव्हा परत येण्याचा दिवसही त्यात धरा. ज्या बाईचं रक्त घ्याल तिचा आकडा तिला त्याच दिवशी कळावा, आणि पाहणी संपल्यावर काय निघालं ते वाडीतल्या देवळात येऊन सांगावं. ताई हे स्वतःच्या सुटीच्या दिवशी करत होत्या. ते कामाच्या दिवशी, कामाचा भाग म्हणून व्हायला पाहिजे. आणि पाहणीत नसलेल्या बायकांचं काय करायचं तेही ठरवा, कारण पलीकडच्या वाडीतल्या दोघी आईकडे येऊन कॅलेंडर बघून गेल्या आहेत आणि आमचा आकडा कोण सांगणार म्हणून विचारताहेत. त्यातली एक सातव्या महिन्यात आहे. तिचं काम लवकर करा.

बारसं पुढच्या रविवारी आहे. आईने तुम्हाला मुद्दाम सांगायला सांगितलंय. डांबरी रस्त्यापर्यंत बसने या, पुढे न्यायला भाऊ मोटारसायकल घेऊन उभा राहील. आशाताईंनाही सोबत आणा. जेवूनच जायचं आहे.

तुमची,
वहिनीची नणंद