मावशीला विचारलेला प्रश्न

प्रिय सुमे,

तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, ते सोड. तुझ्या मावशीबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलू? म्हणून हे पत्र.

इथे वेल्समध्ये आल्यापासून इथल्या जुन्या गरीब-कायद्याबद्दल वाचतेय. १८७१ च्या डिसेंबरात लंडनहून परिपत्रक निघालं: नवऱ्यानं टाकलेल्या बाईला पहिले बारा महिने घरी मदत देऊ नका. नडली तर तिनं वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावायच्या संस्थेत, जावं. तिथे आई एकीकडे, पोरं दुसरीकडे, अंगावर संस्थेचे कपडे. का, तर नवराबायकोचं आतून संगनमत असेल! ओसरीवर सगळ्यांसमोर मावशीला हेच विचारलं होतं ना गं, "तो खरंच गेलाय, की गुपचूप पैसे पाठवतो?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि गप्प राहिली. वाचताना मला तेच बोट दिसत होतं.

पळून गेलेल्या नवऱ्याला १८२४ च्या कायद्यानं तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. पण तो दक्षिण वेल्समधल्या मर्थरच्या लोखंडाच्या कारखान्यात, नाहीतर थेट अमेरिकेत. सापडायचा कसा? आणि बाईला जिथे मदत मागायचा हक्क, ते गाव म्हणजे नवऱ्याचं गाव. मदत मागितली तर तिथे धाडायचे, तिनं ते कधी पाहिलेलंही नसेल.

खेड्यातले वेल्श पालक-मंडळवाले, म्हणजे गरिबांची मदत ठरवणारे स्थानिक लोक, मात्र बऱ्याचदा घरीच चार शिलिंग टेकवायचे. वर्कहाऊसपेक्षा ते स्वस्त पडे, आणि वर्कहाऊसचा लोकांना तिटकारा. १८४३ मध्ये कारमार्थनचं वर्कहाऊस जमावानं फोडलं, गाद्या खिडकीतून फेकल्या. त्या रिबेका दंगलींत, म्हणजे टोलनाक्यांविरुद्ध पेटलेल्या वेल्श शेतकऱ्यांच्या उठावात, पुरुष बायकांचे कपडे घालत. मला गॅदरिंगमधला लुगड्यातला दिन्या आठवला, एकटीच हसले.

आपलं जुनं भांडण आठव. तू म्हणायचीस, गावानं मावशीला सांभाळलं. मी म्हणायचे, गावानं तिचा हिशोब ठेवला. सुमे, मी अजून तेच म्हणते. ओळखीचा माणूस शिलिंग देतो, तेव्हा चूल पेटली का, कोण आलं-गेलं, हेही तोच बघतो. १८८६ चा कायदा आला तेव्हा कुठे बाईला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन आठवड्याला दोन पौंडांपर्यंत पोटगी मागता आली. तिनं दार ठोठवायचं ते कोर्टाचं, भाऊबंदांचं नाही. मावशीला कुणी कोर्टाचं दार दाखवलं असतं तर?

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीच्या निकालाचं कळव. आणि मावशीची ती पत्रं ट्रंकेत असतील तर टाकू नकोस, मला वाचायची आहेत.

तुझी,
शैला