दोन तासांचा इतिहास

नेपरविल, इलिनॉय

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मेतकूट पोचलं. पुडी फुटली होती, पण निम्मं वाचलं.

चिऊच्या शाळेचं विचारलं होतंत. आशियाई लोकांचा अमेरिकेतला इतिहास सरकारी शाळांत शिकवायलाच हवा, असा कायदा इथे इलिनॉय राज्यात २०२१ साली झाला. अमेरिकेतला पहिलाच. २०२२-२३ पासून लागूही झाला. पण किती तास शिकवायचं, ते त्या त्या शाळा मंडळाने ठरवायचं. चिऊच्या वाट्याला दोन तास आले. एकात चिनी मजुरांनी घातलेले रेल्वेचे रूळ, दुसऱ्यात महायुद्धात छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे लोक. भारतीयांसाठी दिवाळीची रांगोळी. ती मीच काढून आले, आता तक्रार कुणाकडे करू!

मग प्रकल्पासाठी तिने भगतसिंग थिंद निवडले. (आपले भगतसिंग नव्हेत.) पंजाबातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिकत्व मिळे. म्हणून त्यांचं म्हणणं असं, की मी उच्च जातीचा, आर्य, म्हणजे गोऱ्यांतलाच. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. वर सरकारने आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं.

पोळीचा तुकडा हातात तसाच धरून चिऊ म्हणते, "आई, हा नियमच चुकीचा आहे, असं ते का नाही म्हणाले?" मी भाजी ढवळत राहिले. कोर्टात नियमात बसवूनच भांडावं लागतं, असं काहीतरी बोलले. तर पुढचा प्रश्न, "उच्च जात म्हणजे?" ते सांगायचं तर आपल्या आळीपासूनच सुरुवात करावी लागली असती.

तिने अजून एक शोधून काढलंय. विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचे. अमेरिकेत शिकायला आले, इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर पक्षात गेले आणि १९१५ साली लाहोरला फासावर चढले. एसटीने कॉलेजला जाताना मी रोज तळेगावावरून जायचे, आणि ते मला कळलं इथे, मुलीच्या वहीतून. तुम्ही इतिहासाचे मास्तर, वर्गात कधी सांगितलंत त्यांच्याबद्दल? की पुस्तकात नव्हतं म्हणून राहिलं?

रविवारी फोनवर ती पिंगळ्यांबद्दल विचारेल. मराठीतच सांगा, जरा सावकाश. जातीचंही विचारेल. तेव्हा विषय बदलू नका, अण्णा.

आईला नमस्कार.

तुमची,
मनी