मनीप्लांट कापायचंय, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हॉलमधलं मनीप्लांट कापायचं आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे चिडायचं असेल तर चिडून घ्या आणि मग पुढचं वाचा.

ते कापावं हे आईचं म्हणणं मला पटतं. वेल कुंडीतून निघाली, दारावरून गेली, आजोबांच्या फोटोच्या खिळ्याला वळसा घालून आता पडद्याच्या दांडीवर पोचली आहे. पानं सगळी टोकाला, कुंडीजवळ नुसतं बोडकं खोड. आणि तिला सुतळी बांधायला तुम्ही स्टुलावर चढता, तेही आई दुपारी आडवी झाली की. गुडघ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मी परत लिहीत नाही.

कापलं तर मरेल ही भीती सोडा. हे झाड मूळचं पॅसिफिकमधल्या मूरिया बेटाचं. त्याला फूल जवळजवळ येतच नाही, त्यामुळे बीही नाही. २०१६ साली संशोधकांनी याचं कारण शोधलं: जिबरेलिन तयार करायला लागणारं एक जनुक त्याच्यात नीट चालत नाही. जिबरेलिन म्हणजे झाडाच्या वाढीचं संप्रेरक, तुमच्या ओळखीचं ‘जीए’, तासगावचे द्राक्षवाले घडांना देतात ते. संशोधकांनी बाहेरून जीए फवारलं तेव्हा मनीप्लांटला फुलं आली. आता विचार करा, बी नसताना हे झाड घरोघर पोचलं कसं? कुणीतरी कापलं म्हणूनच.

बाकी तुम्हाला शिकवायची गरज नाही. उसाची लागण करताना दोन डोळ्यांची टिपरी तोडायचात ना, तसंच इथे. प्रत्येक पानाच्या बुडाशी पेर आहे, पेरावर डोळा आहे, आणि तिथेच तपकिरी गाठीसारखं मूळ डोकावतंय. चष्मा लावून बघा, दिसेल. पेराच्या बोटभर खाली कापा. एका तुकड्याला एक-दोन पेरं आणि एखादं तरी पान पुरे. नुसतं देठासकट पान तोडून पाण्यात ठेवलं तर ते बरेच दिवस हिरवं राहतं, कधी मूळही फुटतं, पण पेर नाही म्हणजे डोळा नाही, मग कोंब कुठून येणार? आईने स्वयंपाकघरातल्या ग्लासात ठेवलंय ते तसलंच आहे. आई, ते काढून टाक.

पाण्यात पेर बुडालं पाहिजे, पान नाही; पान बुडलं की कुजतं. बाटली उजेडात ठेवा, उन्हात नको. काचेच्या पारदर्शक बाटलीत शेवाळ धरतं, गडद रंगाची असेल तर बरी. बोडक्या खोडाचे तुकडेही फेकू नका. ओल्या मातीवर आडवे दाबून ठेवले तर डोळा फुटतो, फक्त वेळ लागतो. पिवळे पट्टे असलेले तुकडे आधी निवडा, निव्वळ हिरव्यातून बहुतेक हिरवंच येतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. या बाटल्यांत डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून नगरपालिकेची माणसं कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. नुसतं पाणी ओतून नवीन भरलं तर उपयोग नाही, कारण अंडी काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने आतून घासा. शनिवारी तेल-वातीच्या वेळी आईने बाटल्याही घ्याव्यात, म्हणजे लक्षात राहील.

मुळं बोटाएवढी झाली की मातीत लावा. पाण्यात फार दिवस राहिलेली मुळं मातीत रुळायला कुरकुर करतात. एका कुंडीत चार-पाच तुकडे एकत्र लावले तरच कुंडी भरगच्च दिसते. आणि बाबा, रोज पाणी नको! बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच घाला. कापलेल्या जुन्या झाडाला खालच्या पेरांतून नवे फुटवे येतील.

हे अळूच्याच कुळातलं आहे, त्यामुळे चीक लागला तर खाजतं. कापून झाल्यावर हात धुवा, आणि दिवाळीत छोटी येईल तेव्हा कुंड्या उंचावर ठेवा. ती सध्या दिसेल ते तोंडात घालते.

शेजारच्या काकू कधीपासून तुकडा मागताहेत. दिला तर लक्ष्मी जाते म्हणून आई टाळते, आणि चोरून आणलेलं जास्त फळतं असंही तीच सांगते. मग आई, तू बाटली जिन्यात ठेव, काकू चोरून नेतील. दोघींचंही भागेल.

वरची वेल उतरवायला दादा रविवारी येतोय, मी त्याच्याशी बोलले आहे. तोवर कात्रीला धार लावून आणा आणि रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला देऊ नका.

तुमची,
धाकटी