वांद्र्याच्या शाळेतल्या बाई आणि सिस्टर, आभार!

आईचा शाळा सोडल्याचा दाखला २६ जुलै २००५ च्या पुरात ट्रंकेसकट भिजून गेला. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस. कागद काय टिकणार! यंदा जन्मतारखेच्या पुराव्यासाठी तोच हवा झाला, म्हणून तिच्या वांद्र्याच्या शाळेत गेलो. डॉटर्स ऑफ द क्रॉस या, १८३३ साली बेल्जियममधल्या लिएजला सुरू झालेल्या संघाच्या सिस्टरांची ही मुलींची शाळा.

आईला दाखल झाल्याचं वर्ष आठवेना. कार्यालयातल्या बाईंनी जनरल रजिस्टरचे जुने खंड खाली काढले आणि डबा बाजूला सारून एकेक पान बोट फिरवत वाचलं. नोंद सापडली. माहेरचं आडनाव भलत्याच स्पेलिंगने लिहिलेलं होतं, तरी त्यांनी वडिलांच्या नावावरून ओळखलं.

तेवढ्यात एक वयस्कर सिस्टर आईसाठी चहा घेऊन आल्या आणि शेजारीच बसल्या. शिवणाचा तास, माउंट मेरीची जत्रा... दोघी इतक्या रंगल्या की दाखला तयार झाल्याचं आईला दोनदा सांगावं लागलं. (घरी ती एवढी बोलत नाही.)

बाईंनी दुय्यम प्रतीच्या झेरॉक्सही काढून दिल्या, नाव मात्र सांगितलं नाही. बाई, सिस्टर, मनापासून आभार. आईचं काम झालं.